कलंदर आणि भणंग : दिल्लीच्या कथासाहित्यातील बरसाती व बस्ती

१

‘बोहेमियन’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, अशी तक्रार अनुवादक वारंवार करीत असतात. ही तक्रार खरी मानली, तरी तिच्यामागील कारण शब्दांच्या दारिद्र्यात शोधता येणार नाही. कलंदर, अवलिया, फकीर, छांदिष्ट, भणंग असे कितीतरी शब्द मराठी माणूस या प्रकारच्या जीवनासाठी सहज वापरतो. त्यांतील पहिले तीन सूफी परंपरेकडून आपल्याकडे आले. ‘अवलिया’ हे मुळात अरबीतील ‘वली’ या शब्दाचे अनेकवचन. मराठीने ते एकवचनी केले आणि विक्षिप्त पण निर्मळ माणसाला बहाल केले. ‘कलंदर’ हा शब्दही मठ, घर आणि लोकरीत यांचे बंधन झुगारून हिंडणाऱ्या फकिरांचा. हे शब्द उच्चारताना मराठी माणसाच्या स्वरात कौतुक असते. ‘भणंग’ म्हणताना मात्र कीव असते, नाहीतर तुच्छता.

वस्तुतः कलंदर आणि भणंग यांच्या बाह्य स्थितीत फारसे अंतर नाही. कपडे दोघांचेही विटलेले, खिसा दोघांचाही रिकामा, डोक्यावरचे छप्पर दोघांचेही परक्याचे. भेद आहे तो मागच्या इतिहासाचा आणि पुढच्या शक्यतेचा. कलंदराने काही तरी सोडलेले असते. भणंगाला ते कधी मिळालेलेच नसते. जे सोडले ते मनात आले तर पुन्हा उचलताही येते. स्वेच्छेने पत्करलेले दारिद्र्य आणि वाट्याला आलेले दारिद्र्य यांतील हा फरक भाषेने फार पूर्वी ओळखला. समीक्षेने तो पुरेशा गांभीर्याने घेतला आहे असे म्हणवत नाही.

ज्या पुस्तकाने ‘बोहेमियन’ जीवनाला जगभर प्रतिष्ठा दिली, त्या आँरी म्युर्जेच्या १८५१ सालच्या ग्रंथातच हा फरक नोंदलेला आहे. फ्रेंचांनी रोमा या भटक्या जमातीला ती बोहेमियातून आली असे समजून जे नाव दिले होते, तेच पुढे पॅरिसमधील निष्कांचन कलावंतांना चिकटले. म्युर्जे स्वतः शिंप्याचा मुलगा होता आणि दारिद्र्य त्याने भोगले होते. या वाटेचा शेवट विद्वत्सभेत, रुग्णालयात किंवा शवागारात होतो, असे त्याने प्रस्तावनेत बजावले आहे. पण त्याच्याच कथांत या तीन मुक्कामांची वाटणी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. कवी रोदोल्फ आणि चित्रकार मार्सेल हे अखेरीस प्रतिष्ठित गृहस्थ होतात. त्यांच्याबरोबर त्याच माळ्यावर राहिलेली मिमी ही कष्टकरी मुलगी रुग्णालयात मरते. माळा एकच, थंडी एकच. पण बाहेर पडण्याची दारे निराळी. पुच्चिनीच्या १८९६ च्या संगीतिकेने मिमीचे मरण इतके सुरेल केले की दारांचा हा हिशेब श्रोत्यांच्या ध्यानात राहिला नाही.

दिल्लीतील बोहेमियन जीवन ज्या साहित्यकृतींत उमटले आहे, त्यांचे मूल्यमापन करताना हा हिशेब पुन्हा मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. कलंदराच्या परतीच्या वाटेची जाण कृतीला आहे की नाही, आणि त्याच वस्तीत राहणाऱ्या ज्या माणसांना अशी वाट नाही ती कृतीत माणसे म्हणून उरतात की केवळ देखावा म्हणून, हे दोन प्रश्न येथे निर्णायक आहेत.

२

या जीवनाचा दिल्लीतील आद्य नमुना शोधण्यासाठी पॅरिसला जाण्याचे कारण नाही. मिर्झा गालिब जन्मभर भाड्याच्या घरांत राहिला. कुळाचा अभिमान, सरकारी निवृत्तिवेतनाचा हक्क, मद्याची आवड आणि कर्जाचा डोंगर या सर्वांसह त्याने आयुष्य काढले. वेतनाच्या दाव्यासाठी त्याने कलकत्त्याची लांबलचक यात्रा केली. १८४७ साली जुगाराच्या आरोपावरून त्याला कैद झाली. १८५७ च्या उठावानंतर बंद झालेले वेतन १८६० मध्ये पुन्हा सुरू होईपर्यंत त्याच्यावर घरातील वस्तू विकण्याची पाळी आली. हे सारे त्याच्या पत्रांत आहे. कोणाचे किती देणे, घरात खाणारी तोंडे किती, पावसात छत कोठे गळते, याचा तपशील तो विनोदाने पण चोख देतो. आपली कलंदरी उमरावाची आहे, हे गालिब कधी लपवीत नाही. त्याची पत्रे आजही ताजी वाटतात, त्याचे श्रेय काही अंशी या प्रांजळ हिशेबाला दिले पाहिजे.

गळणाऱ्या छतावरून दिल्लीतील कलावंतांच्या पुढील पिढ्यांच्या निवाऱ्याकडे वळणे सोपे आहे, कारण त्याचे नावच पावसावरून पडले आहे. ‘बरसाती’ म्हणजे गच्चीवरील खोली. उन्हाळ्यात उत्तरेकडील कुटुंबे गच्चीवर झोपत. अवचित पाऊस आला तर खाटा ओढून घेण्यासाठी जिन्याच्या माथ्याशी एक खोली ठेवीत. दोन मजले आणि वर ही अर्धी खोली, म्हणून असे घर ‘अडीच मजली’. मराठी अनुवादक या शब्दापाशी हमखास अडतो. ‘गच्चीवरची खोली’ म्हटले तर अर्थ कळतो, पण वास्तूमागील समाज कळत नाही. मुंबईच्या चाळीतील खोली माणसाला शेजाऱ्यांच्या नजरेत ठेवते. दिल्लीची बरसाती त्याला त्या नजरेपासून वर उचलते. जिना अनेकदा वेगळा, आकाश मोकळे, भाडे कमी. त्याची किंमत म्हणजे जूनमधील भाजणारे छत आणि जानेवारीतील बोचरा वारा.

एक गोष्ट येथे विसरता कामा नये. निजामुद्दीन पूर्व, जंगपुरा, लाजपतनगर या वसाहतींची वाढ १९४७ नंतर प्रामुख्याने पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनातून झाली. खालच्या मजल्यावर राहणारे कुटुंब सर्वस्व गमावून आलेले होते आणि वरच्या खोलीचे भाडे हा त्याच्या संसाराचा आधार होता. वर राहणारा तरुण चित्रकार किंवा नाटककार घर सोडून आला होता. खाली राहणाऱ्या घरमालकाचे घर सुटले होते. सोडणे आणि सुटणे या दोन क्रियापदांमध्ये जेमतेम दोन जिन्यांचे अंतर होते.

बरसातीत राहणारा प्रत्येक जण सुखवस्तू घरातला हौशी होता असा समज करून घेणेही चुकीचे ठरेल. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, मूळ गोव्याकडील कुटुंबातले गायतोंडे गिरगावच्या चाळीत वाढले, १९४८ मध्ये जे. जे. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडले आणि १९७२ मध्ये दिल्लीस आले. निजामुद्दीन पूर्व येथील लहानशा बरसातीत मोजक्या सामानासह ते राहिले आणि मोजकीच चित्रे काढीत गेले. चाळीतून बरसातीत आलेल्या या माणसाच्या एकांतात मिरविण्यासारखे काही नव्हते. कामाला लागते तेवढेच त्यांनी जवळ ठेवले. २००१ साली त्यांचे निधन झाले. बारा वर्षांनी, २०१३ च्या डिसेंबरात, मुंबईतील एका लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले. कलंदराच्या साधेपणाचे मोल बाजार ठरवतो तेव्हा कलंदर बहुधा हयात नसतो, हेही या हिशेबात धरले पाहिजे.

निजामुद्दीन पूर्व आणि निजामुद्दीन बस्ती यांच्यामधून मथुरा रोड जातो. एका बाजूला अडीच मजली घरांची वसाहत. दुसऱ्या बाजूला १३२५ मध्ये दिवंगत झालेल्या हजरत निजामुद्दीन अवलियांचा दर्गा, गालिबची कबर आणि त्यांच्याभोवती शतकानुशतके दाटत गेलेली वस्ती. या ‘बस्ती’चे मराठीत काय करावे? ‘वस्ती’ म्हटले तर शब्द सौम्य होतो. ‘झोपडपट्टी’ म्हटले तर सातशे वर्षांच्या पुण्यक्षेत्रावर नगरपालिकेचा शिक्का बसतो. दिल्लीचे बोहेमियन साहित्य या रस्त्याच्या दोन्ही काठांवर वावरते. ते रस्ता ओलांडते का, आणि ओलांडून काय पाहते, हा पुढील विवेचनाचा विषय आहे.

३

मोहन राकेश यांची ‘अंधेरे बन्द कमरे’ ही कादंबरी १९६१ साली प्रसिद्ध झाली. स्वातंत्र्योत्तर दिल्लीतील कलावंत, पत्रकार, दूतावासांतील मेजवान्या आणि कॉफी हाउस यांचे इतके निकटचे चित्र त्यापूर्वी हिंदीत क्वचितच आले असेल. लेखनाच्या आकांक्षेने पछाडलेला हरबंस आणि नृत्यासाठी धडपडणारी त्याची पत्नी नीलिमा यांच्या विस्कटत गेलेल्या सहजीवनावरच समीक्षकांचे लक्ष बहुतेक केंद्रित झाले, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु ही कथा सांगतो तो मधुसूदन हा पत्रकार राहतो कोठे, या प्रश्नाला कादंबरीत विलक्षण महत्त्व आहे.

मधुसूदन कस्साबपुऱ्यात राहतो. सदर बाजाराच्या बाजूची ही कोंदट गल्ली, तेथील अपुरी जागा, आणि त्याला जेवू घालणारी, त्याच्यावर हक्काने रागावणारी ठकुराइन हे कादंबरीचे दुसरे केंद्र आहे. दिवसा कॅनॉट प्लेस आणि रात्री कस्साबपुरा अशा दोन जगांत मधुसूदनाची ये-जा चालते. हरबंस आणि नीलिमा यांच्या दुःखाला शब्द आहेत, श्रोते आहेत, लंडनपर्यंतचा प्रवास आहे. ठकुराइनच्या दुःखाला यांतले काहीच नाही. राकेश यांनी ही तुलना कोठेही उघड करून सांगितलेली नाही. त्यांनी एवढेच केले की निवेदकाला त्या गल्लीत राहावयास लावले. त्यामुळे दिवाणखान्यातील प्रत्येक प्रसंग गल्लीतून आलेल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिला जातो आणि उच्चभ्रू व्यथेची खोली व तिची मर्यादा एकाच वेळी प्रत्ययास येते.

नऊ वर्षांनी मधुसूदन दिल्लीला परततो तेव्हा त्याची नोकरी, पोशाख आणि ओळखी पालटलेल्या आहेत. ठकुराइनला मात्र ती गल्ली सोडून कोठे जाता आलेले नाही. कादंबरीच्या अखेरीस त्याचे मन पुन्हा कस्साबपुऱ्याकडे ओढ घेते, याला काही टीकाकारांनी भाबडेपणा म्हटले तर त्यांना पूर्णपणे दोष देता येणार नाही. गल्लीत शुद्धता शोधणे हाही नागर मनाचा एक विलासच असतो. तथापि राकेश यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. मागे राहणाऱ्या माणसाचे ऋण हा त्यांच्या प्रतिभेचा मूळ विषय होता. ‘आषाढ़ का एक दिन’ या १९५८ च्या नाटकात कालिदास उज्जयिनीला जातो, यश मिळवतो, सर्व सोडून परत येतो. आणि त्या जाण्या-येण्याची किंमत गावात राहिलेल्या मल्लिकेने चुकती केलेली असते. जो जाऊ शकतो त्याच्या वेदनेबरोबर, जी जाऊ शकत नाही तिचाही जमाखर्च राकेश मांडतात.

४

रूथ प्रावर झाबवाला १९५१ पासून सुमारे पाव शतक दिल्लीत राहिल्या. ‘अ बॅकवर्ड प्लेस’ ही त्यांची १९६५ ची कादंबरी दिल्लीतील युरोपीय मंडळींवर आहे. तिच्यातील क्लॅरिसा हे पात्र प्रस्तुत विषयासाठी मुद्दाम निर्माण केल्यासारखे वाटते. उच्चकुलीन घराण्यातील ही इंग्रज स्त्री भौतिक सुखाचा त्याग केल्याचा डंका वाजवीत गलिच्छ खोलीत राहते आणि ओळखीच्यांच्या पाहुणचारावर दिवस काढते. झाबवालांचा उपहास येथे निर्दय आहे, पण आंधळा नाही. परतीची वाट दीर्घकाळ न वापरल्यास ती बुजत जाते. क्लॅरिसाचे वय वाढते, घरमालक तिला हुसकावू पाहतो आणि खेळ म्हणून घेतलेले दारिद्र्य हळूहळू खरे होऊ लागते. कलंदराचा भणंग कसा होतो हे इतक्या कोरड्या सुरात सांगणारी कृती विरळाच. तिच्याच शेजारी जूडी आहे. बेकार नटाशी लग्न केलेली ही इंग्रज मुलगी नोकरी करून एकत्र कुटुंबाचा भार उचलते, पण त्यागाची भाषा बोलत नाही. नवऱ्याच्या कलास्वप्नाचे बिल कोण भरते, हे वाचकाला तिच्या वेतनाच्या आकड्यावरून समजते.

निर्मल वर्मा यांची ‘एक चिथड़ा सुख’ ही १९७९ ची कादंबरी बरसातीचे महाकाव्य म्हणावी अशी आहे. अलाहाबादचे घर सोडून आलेली बिट्टी निजामुद्दीनच्या एका बरसातीत राहते. नाटकाच्या तालमी, गच्चीवरील रात्री, मद्य, मैत्री आणि न बोललेले प्रेम यांनी तिचे दिवस भरलेले आहेत. हे सारे पाहतो तो तिच्याकडे राहण्यास आलेला, तापाने अशक्त झालेला तिचा आतेमामे नात्यातला लहान भाऊ. या मंडळींतील डैरी हा सुखवस्तू घरातला मुलगा; एकेकाळी तो घर सोडून बिहारमधील क्रांतिकारी चळवळीत गेला होता आणि परत आला. आता तो स्ट्रिंडबर्गचे नाटक बसवितो.

निर्मल वर्मांवर अभिजनवादाचा आरोप जुना आहे. त्यांच्या पात्रांना भाड्याची चिंता नसते, दिल्लीची धूळ त्यांच्या पानांवर बसत नाही, असे म्हटले जाते. या आरोपात तथ्यांश आहे. बरसातीच्या खाली राहणारे लोक या कादंबरीत आवाजांपुरतेच उरतात आणि रस्त्यापलीकडील बस्ती बव्हंशी संध्याकाळचा देखावा होऊन राहते. पण डैरीच्या परत येण्याला लेखकाने जी जागा दिली आहे ती पाहिल्यावर हा आरोप अपुरा वाटू लागतो. ज्यांच्यासाठी तो गेला होता ते तेथेच राहिले आणि तो मात्र तालमीला परत येऊ शकला, हे न बोललेले ओझे त्याच्या प्रत्येक हालचालीवर आहे. बरसातीतील या जिवांना सुख चिंधीएवढेच मिळते, आणि तेही आपले नाही असा संशय त्यांना सतत छळत राहतो. निर्मल वर्मांनी हिशेब रुपयांत मांडला नाही, अपराधभावनेत मांडला. दोहोंत अंतर आहे. अपराधभावनेत ती वाहणाऱ्याचाच चेहरा दिसतो, ज्याचे देणे आहे त्याचा दिसत नाही. ही या कादंबरीची मर्यादा, आणि तिच्या विलक्षण शोकात्म सौंदर्याचा उगमही हाच.

५

मराठी वाचकाला या प्रश्नाची ओळख दोन टोकांच्या कृतींनी करून दिलेली आहे. पहिली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’, १९६३. खानदेशातील सधन शेतकऱ्याचा मुलगा पांडुरंग सांगवीकर पुण्यात वसतिगृहात राहतो, खाणावळ, संमेलने, मित्र आणि निरर्थकता यांत वर्षे घालवितो आणि अपयश घेऊन गावी परततो. त्याच्या कलंदरीचा खर्च वडिलांनी उचललेला आहे आणि त्यांचे किती पैसे खर्ची पडले हे तो लपवीत नाही. पैशांची ही नोंद विनोदी वाटते. पण तीमुळेच सांगवीकराच्या वैफल्याला नाटकी रंग चढत नाही. परतीची वाट त्याला आहे, ती त्याने वापरली, आणि परतल्यावर गाव हा आसरा ठरला नाही, एवढे सगळे त्या हिशेबात येते.

दुसरी कृती नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’, १९७२. येथे परतीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण कवी त्या जगाला परका नाही. तो तेथेच वाढला आहे. या संग्रहाच्या प्रस्तावनेत विजय तेंडुलकरांनी जे केले त्याचे महत्त्व पन्नास वर्षांनंतरही कमी झालेले नाही. कामाठीपुऱ्याच्या त्या जगात ते कवीबरोबर गेले, आणि कवितेतील अनेक शब्दांचे अर्थ आपल्याला कवीलाच विचारावे लागले हे त्यांनी कबूल केले. नामांकित मध्यमवर्गीय लेखकाने आपल्याच भाषेत आपण परके ठरल्याचे सांगावे, ही मराठी समीक्षेतील एक महत्त्वाची घटना होय. तेंडुलकरांनी गोलपिठ्याचे दर्शन घडविण्याचा आव आणला नाही. आपल्या अज्ञानाची यादी दिली. त्या यादीमुळे वाचक आणि कवी यांच्यामधील रस्ता प्रथमच मोजला गेला.

आणखी एक उदाहरण. जॉर्ज ऑर्वेलने पॅरिस आणि लंडनमधील दारिद्र्यावर १९३३ साली पुस्तक लिहिले. ईटनसारख्या शाळेत शिकलेला हा तरुण बशा धूत आणि निराश्रितांच्या निवाऱ्यांत झोपत हिंडला. पुस्तकाच्या शेवटी मात्र आपण दारिद्र्याचा केवळ काठच पाहिला हे त्याने मान्य केले. जो काठावर उभा आहे त्याने काठावरून लिहावे, यात गैर काही नाही. पाण्याच्या मध्यभागी उभे असल्याचा बहाणा केला की लेखन खोटे पडते.

६

दिल्लीच्या बस्तीने स्वतः लेखणी हाती घेतली तेव्हा काय लिहिले? ‘अंकुर’ ही संस्था आणि ‘सराय’ हा संशोधन-उपक्रम यांनी मिळून २००१ पासून दिल्लीतील कष्टकरी वस्त्यांत लेखनाची केंद्रे चालविली. त्यांतून घडलेल्या तरुणांच्या लेखनाचा ‘बहुरूपिया शहर’ हा संग्रह २००७ साली हिंदीत प्रकाशित झाला आणि २०१० मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद आला. त्यांतील काही लेखन यमुनेकाठच्या नांगला माची या वस्तीभोवती फिरते. ही वस्ती २००६ साली पाडण्यात आली. काही कुटुंबांना शहराच्या वायव्य टोकाला सावदा घेवरा येथे भूखंड मिळाले.

या लेखनाची वाङ्मयीन गुणवत्ता समाजशास्त्रीय सहानुभूतीवर तोलण्याची गरज नाही. त्यात भडक करुणा नाही, घोषणा नाहीत. सर्वेक्षणाच्या दिवशी दारावर पडणारे आकडे, राहत असल्याचा पुरावा म्हणून जपलेले कागद, भिंत पाडण्यापूर्वी तिच्यातून काढून घेतलेल्या विटा, शेजाऱ्याच्या दुकानातील गप्पा, अशा तपशिलांतून शहर उभे राहते. बोहेमियन लेखकाला बस्तीत जे ‘अस्सल’ वाटते ते येथे कोठेच दिसत नाही. जे दिसते ते म्हणजे टिकून राहण्यासाठी लागणारे अखंड कौशल्य. कलंदराला बस्तीत मुक्ती दिसते, कारण तेथे त्याला कोणी ओळखत नाही. बस्तीतील माणसाला मात्र सरकारी कागदावर ओळखले जावे यासाठी आयुष्य वेचावे लागते.

उदय प्रकाश यांची ‘दिल्ली की दीवार’ ही दीर्घकथा या दोन बाजूंना जोडणारी आहे. सफाई कामगार रामनिवास याला साकेतमधील एका व्यायामशाळेच्या भिंतीत दडविलेल्या नोटा सापडतात. काही काळ तो मन मानेल तसा खर्च करतो, प्रेयसीला ताजमहाल दाखवितो; म्हणजे श्रीमंत घरातील मुलाला सहज शोभणारी उधळपट्टी करून पाहतो. पण त्याच्या बाबतीत ती उधळपट्टी गुन्हा ठरते आणि तिचे मोल त्याला प्राणांनी द्यावे लागते. निष्काळजीपणा हा देखील एक विशेषाधिकार आहे, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

अरुंधती रॉय यांच्या ‘द मिनिस्ट्री ऑफ अटमोस्ट हॅपिनेस’ या २०१७ च्या कादंबरीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. तिलोत्तमा दिल्लीत भाड्याने राहते आणि तिच्या कथेचा एक मोठा भाग तिचा घरमालक, गुप्तवार्ता खात्यातील एक अधिकारी, सांगतो. बंडखोर स्त्रीचे चरित्र राज्ययंत्रणेतील घरमालकाच्या तोंडून ऐकविणे ही योजना मार्मिक आहे. ज्याच्या छपराखाली बंड राहते त्याचे नाव त्यामुळे नोंदले जाते. परंतु पुढे अंजुम हिच्या कबरस्तानातील ‘जन्नत’ या निवाऱ्यात सर्व जखमी माणसे एकत्र येतात तेव्हा हा हिशेब सैल होतो. निवडून तेथे आलेली तिलोत्तमा आणि निवड नसल्यामुळे तेथे आलेली माणसे यांतील भेद त्या मैत्रीच्या उबेत विरघळून जातो. वाचकाला दिलासा मिळतो, पण तो दिलासा लेखिकेने दिलेला आहे, दिल्लीने नव्हे.

७

बरसातीचे युग आता सरले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अडीच मजली घरे पाडून त्यांच्या जागी अधिक मजल्यांच्या इमारती उठल्या आणि गच्चीवरील खोली हा गरजूंचा निवारा राहिला नाही. कॅनॉट प्लेसचे जुने कॉफी हाउस आणीबाणीत, १९७६ साली, पाडले गेले. त्याच वर्षी ललित कला अकादमीने गढी या खेड्याच्या जुन्या तटबंद वास्तूत चित्रकारांसाठी कार्यशाळा उघडल्या. पुढे हौजखास, शाहपूर जाट, खिडकी ही महानगराच्या पोटात सापडलेली खेडी कलावंतांना खुणावू लागली. ‘लाल डोरा’ या महसुली रेषेच्या आत असल्याने तेथे बांधकामाचे नियम दीर्घकाळ शिथिल होते. म्हणून जागा दाटीची, गल्ल्या अरुंद आणि भाडी स्वस्त. ‘खोज’ ही कलासंस्था २००२ मध्ये खिडकी एक्स्टेंशनमध्ये आली. हौजखासमध्ये कलावंतांच्या मागोमाग वस्त्रदालने आली, त्यांच्यामागून उपाहारगृहे आली, आणि भाडी इतकी चढली की वातावरणाला मोहून आलेल्या चित्रकारालाच तेथे राहणे परवडेना. मूळ जाट जमीनमालकांना भाडे मिळाले. त्यांच्या घरात पोटभाड्याने राहणाऱ्या कारागिराला आणि मजुराला निरोप मिळाला. कलंदर जेथे राहावयास जातो तेथील भणंगाला तो नकळत बाहेर ढकलीत असतो. बोहेमियन साहित्याने ज्याची दखल फारशी घेतलेली नाही असा हा नवा विषय आहे.

आता मूल्यमापनाच्या प्रश्नाकडे वळता येईल. या बाबतीत समीक्षा दोन सोप्या वाटांनी जाते. पहिली वाट लेखकाचे जन्मपत्र पाहते: सुखवस्तू घरातला असेल तर त्याचे बस्तीविषयीचे लेखन खोटे. हा न्याय लावल्यास गालिबची पत्रे, राकेश, निर्मल वर्मा आणि ऑर्वेल या सर्वांना एकदमच निरोप द्यावा लागेल. दुसरी वाट केवळ शैली पाहते: वाक्ये सुंदर असतील तर कोणी कोठे राहिले याच्याशी साहित्याला कर्तव्य नाही. या न्यायाने ठकुराइन आणि कॉफी हाउसमधील टेबल यांत फरक उरत नाही.

कला म्हणजे वाण्याची वही नव्हे, असा आक्षेप या विवेचनावर येऊ शकतो. तो रास्त आहे, पण येथे गैरलागू आहे. भाड्याची रक्कम कादंबरीत छापलेली असावी अशी मागणी कोणी करीत नाही. मागणी आहे ती पात्रांच्या स्वातंत्र्याचा आधार कृतीला ठाऊक असण्याची. जिना कोण झाडते, उधारी कोण देते, दिवे मालवल्यावर कोणाला घरी जाता येते आणि कोणाला तेच घर असते, हे लेखकाला माहीत असले की ते वाक्याच्या वळणात, निवेदकाच्या जागेत, विनोदाच्या धारेत आपोआप उतरते. राकेश यांनी निवेदकाला गल्लीत ठेवले. नेमाडे यांनी नायकाच्या तोंडी खर्च घातला. झाबवालांनी दारिद्र्याचा खेळ खरा होईपर्यंत चालू दिला. हे निर्णय नैतिक आहेत तितकेच रचनेचेही आहेत, म्हणून ते समीक्षेच्या कक्षेत येतात.

आणि म्हणून ‘बोहेमियन’साठी मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्या अनुवादकाने एकच शब्द निवडून थांबू नये. एकाच कादंबरीत, एकाच जिन्यावर, त्याला कधी ‘कलंदर’ लिहावे लागेल आणि कधी ‘भणंग’. कोणत्या माणसासाठी कोणता शब्द, हे मूळ लेखकाला नीट ठाऊक होते की नाही, ते अनुवाद करताना पहिल्या दहा पानांतच कळून येते.